बाळातला ळ

मराठी मुळाक्षरांच्या तक्त्यावर ळ अगदी खालच्या ओळीत असतो. हच्या पुढे, क्ष आणि ज्ञ यांच्या अलीकडे. क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गणपतीचा असं सुरात म्हणत मुलं खाली उतरत येतात आणि ळपाशी अडतात, कारण ळपासून सुरू होणारा शब्दच मराठीत नाही. मग तिथे एका गुटगुटीत बाळाचं चित्र असतं आणि म्हणायचं असतं, ळ बाळातला. णची गतही तीच, त्याला बाण मिळालाय. ङ आणि ञ यांच्या चौकटी तर आमच्या तक्त्यावर रिकाम्याच होत्या. गंमत अशी की पहिल्याच ‘क कमळाचा’मध्ये ळ येऊन गेलेला असतो. तेव्हा त्याची ओळख कुणी करून देत नाही, एवढंच.

पाटीवर तो काढायचा म्हणजे दोन गोल जोडायचे आणि वर शेंडी देऊन रेघेला टांगायचा. त्याला पूर्ण दांडी नाही, त्यामुळे आधाराला काही नसतं, आणि ज्याचं अक्षर जसं तसा त्याचा ळ होतो. माझ्या बाबांचा ळ हुबेहूब चष्म्यासारखा दिसायचा. डावी काच थोडी मोठी, उजवी बारीक. ते गिरणीत हजेरी मांडायचे, त्यामुळे आकडे आणि नावं दोन्ही वळणदार, पण ळ आला की हात सैल सुटायचा. त्यांना जवळचं वाचायला चष्मा लागला तेव्हा आईने सगळ्या मजल्याला सांगितलं, ‘ह्यांना चाळिशी लागली.’ मला वाटलं, हा चष्मा त्यांच्या ळमधूनच निघालाय. एरवी ळ आकड्यांच्या फारसा वाटेला जात नाही. सोळा सोडला तर शंभरापर्यंत तो भेटतो एकोणचाळीस ते अठ्ठेचाळीसमध्येच. नेमका त्याच वयात चष्मा लागतो. मला तर त्याच्याही आधी लागला, पण ते असो.

आम्ही परळच्या एका चाळीत राहायचो. चाळ, परळ, नळ. पत्त्यातच ळ, आणि दिवसाची सुरुवातही नळाने. पाणी आलं असं आमच्याकडे कुणी म्हणायचं नाही, नळ आला म्हणायचे. पाणी बंद झालं की नळ गेला. नळ कुठे जातो, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडत असे. पहाटे कोणाच्या तरी घरून हाक यायची, ‘नळ आला गं!’ आणि सगळ्या गॅलरीभर कळश्यांचा आवाज सुरू व्हायचा. पितळी कळशी, ॲल्युमिनियमची कळशी, नंतर नंतर प्लास्टिकची, जिचा आवाजच यायचा नाही आणि म्हणून जिच्यावर कुणाचा विश्वास नसायचा. पहिलं पाणी गढूळ. ते सोडून द्यायचं, मग फडक्याचं गाळणं तोंडाला बांधायचं. त्या फडक्यात खाली बसलेला गाळ आई रोज नळाखालीच झटकायची आणि रोज त्यावरून शेजारच्या काकूंशी तिची दोन वाक्यं व्हायची. दोनच. तिसऱ्या वाक्यापर्यंत दोघींनाही वेळ नसायचा, भोंगा व्हायच्या आत डबे भरायचे असायचे.

त्याच गॅलरीत आठवड्यातून दोन-तीनदा टोपली घेऊन कोळीण मावशी यायची. ती स्वतःला कोलीन म्हणायची. ‘नलाला पानी आयलं का गो?’ असं विचारत ती जिन्यातूनच सुरुवात करायची, कारण मासळी धुवायला पाणी हवं असायचं. तिच्या बोलण्यात ळ नव्हताच, णही नव्हता. काला, डोला, सकाली. आणि मे महिन्यात आम्ही आईच्या माहेरी जायचो तिथे उलटा प्रकार. अकोल्याच्या पुढचं गाव, तिथली आजी वऱ्हाडी बोलायची आणि तिच्याकडे ळचा य व्हायचा. रात्री अंगणात बाजेवर घेऊन ती म्हणायची, ‘माह्याजवय ये वं, डोये मिट.’ पहिल्या दिवशी डोये म्हणजे काय ते कळायला जरा वेळ लागायचा, तिसऱ्या दिवशी आम्हीही डोयेच मिटायचो, आणि परत येऊन वर्गात ‘शाया’ म्हटलं की बाई छडी उगारायच्या. शुद्ध बोला!

मला त्या ‘शुद्ध’चा राग तेव्हा आला नव्हता, आता येतो. मावशीचा ल आणि आजीचा य हे बोबडे नव्हते. किनाऱ्यावरचे आगरी-कोळी आणि वऱ्हाड-खानदेशातले लोक पिढ्यान्‌पिढ्या तसंच बोलत आले आहेत आणि एकमेकांचं त्यांना नीट कळतं. आमच्या घरात एकच डोळा तीन तऱ्हांनी उघडायचा आणि तिन्ही तऱ्हांनी मिटायचा. यात बिघडलं काय?

अकोल्याला जाताना गाडीत आमचा एक खेळ असायचा. स्टेशनांच्या पिवळ्या पाट्यांवर नाव मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहिलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी मराठी आणि हिंदी नाव इतकं सारखं की रंगाऱ्याने एकच नाव दोनदा लिहिलंय असं वाटावं. फरक दिसायचा तो ळ आला की. परळचं परेल तर रोजचंच. नाशिक, मनमाड आमच्या खेळात कोरडी जायची, आणि मग एकामागून एक तीन गावं यायची: चाळीसगाव, जळगाव, भुसावळ. खाली हिंदीत चालीसगांव, जलगांव, भुसावल. जो आधी ओरडेल त्याला एक गुण. भुसावळला गाडी बराच वेळ थांबायची आणि खिडकीशी केळीवाले यायचे, त्यामुळे खेळ तिथे संपायचा.

लग्न होऊन मी ज्या शहरात गेले त्या शहराच्या नावातच हा घोळ होता. मी भोपाळ म्हणायची, शहर स्वतःला भोपाल म्हणायचं. मराठी माणूस नकाशावर फिरताना खिशातून ळ काढून वाटत सुटतो. नेपाळ, भोपाळ. बंगालला मात्र देत नाही, का कोण जाणे. बाबांची पत्रं यायची, पाकिटावर त्यांच्या त्या चष्म्यासकट ‘भोपाळ’. पोस्टमनने एकदा विचारलं, ‘ये कौन सा अक्षर है, मैडम?’ मी म्हटलं, ल समझ लीजिए. तो म्हणाला, पिनकोड सही है तो सब सही है.

समजायला ल चालतो, पण सगळीकडे चालत नाही. आई एकदा महिनाभर राहायला आली होती आणि तिचं पोट बिघडलं. डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी विचारलं, क्या तकलीफ है? आई म्हणाली, ‘मळमळतंय.’ मी हिंदीत सांगायला लागले तर तिने मला थांबवलं. ‘त्यांना सांग, मळमळ आहे, जळजळ नाही. जळजळ वेगळी. आणि अधूनमधून कळ येते, पण ती मुरडा नाही, बारीक कळ.’ मी जी मिचलाना, सीने में जलन नहीं, थोड़ा दर्द, असं काहीबाही जुळवत गेले. डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं. बाहेर आल्यावर आई म्हणाली, ‘बाकी सगळं सांगितलंस, पण कळ राहिलीच.’ खरं होतं. दर्द म्हणजे कळ नव्हे. कळ येते आणि जाते, दर्द बसून राहतो. आमचं निम्मं दुखणं या एका अक्षरात आहे. जळजळ, मळमळ, तळमळ, हळहळ, भळभळ. निरोगी माणसाला ळ लागतो तो कंटाळा आणि आळस यांच्यापुरता.

तिथल्या शेजारणीने ळ शिकायचा हट्टच धरला होता. ती लखनौकडची, माझ्या मुलीचं ‘बाळ’ हे हाक मारण्याचं नाव तिला फार आवडायचं, पण तिच्या तोंडून ते बाल यायचं आणि तिच्याच लक्षात यायचं की हे तर केस झाले. मी तिला सांगायची, टठडढ म्हणतेस तेव्हा जीभ वळून टाळूला लागते ना, तशीच वळव, तिथे टेकव, आणि हवा दोन्ही कडांनी जाऊ दे. ती बाड म्हणायची, मग बार, मग बाल. एका दुपारी भांडी घासता घासता अचानक तिच्या तोंडून लख्ख ‘बाळ’ निघालं आणि ती साबणाच्या हातानेच धावत आमच्याकडे आली. दारात येईपर्यंत पुन्हा बाल झालं होतं.

समोरच्या मारवाडी भाभींना मात्र काहीच शिकवावं लागलं नाही. त्यांच्या राजस्थानीत काळो आहे, तोही आपल्यासारखाच जीभ वळवून. वरच्या मजल्यावरचे, भेल या सरकारी कारखान्यात काम करणारे मल्याळी गृहस्थ म्हणाले, आमच्या राज्याच्या नावात आहे, भाषेच्या नावात आहे, तुम्ही कशाचं कौतुक सांगता? तमिळ लोकांकडे तर याच्या आसपासची दोन वेगळी अक्षरं आहेत. गुजरातीत ळ आहे, ओडियात आहे, कन्नडमध्ये, तेलुगूत आहे, पंजाबी बोलण्यातही ऐकू येतो. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेची सुरुवात ‘अग्निमीळे’ अशी आहे. पुढच्या संस्कृतात त्याचा ‘ईडे’ झाला. तेव्हा ळ म्हणजे फक्त मराठीचा दागिना, असं जे छाती फुगवून सांगितलं जातं ते मला पटत नाही. शेजारपाजारी इतक्या घरांत तीच वस्तू दिसल्यावर उलट बरं वाटतं. वाढदिवसाला भाभींनी मुलीला ‘फळ खा’ म्हटलं तेव्हा मला क्षणभर परळच्या गॅलरीत उभं राहिल्यासारखं झालं होतं.

मुलीचं स्वतःचं प्रकरण वेगळंच. बोलायला लागली तेव्हा तिला ळ येत नव्हता, कुठल्याच मराठी मुलाला पहिल्यांदा येत नाही. सकाळी उठून डायनिंग टेबलाशी उभी राहायची आणि गंभीरपणे जाहीर करायची, ‘केलं पाहिजे.’ माझा नवरा पेपरातून मान वर न करता विचारायचा, ‘काय केलं पाहिजे?’ ‘केलं!’ ‘हो, पण काय?’ मग ती हताश होऊन फळांच्या टोपलीकडे बोट दाखवायची. कामाला येणाऱ्या दीदीला हा विनोद कळायचाच नाही, कारण तिच्या हिंदीत तो केलाच होता. मुलगी बरोबरच मागत होती, आमचंच काहीतरी चाललं होतं.

एके दिवशी तिला ळ सापडला. कसा ते माहीत नाही, बहुधा बालवाडीत. (हेही एक. बाळ जातं बालवाडीत, त्याला पुस्तक मिळतं बालभारतीचं, गोष्टी ऐकतं त्या बालगीतांतल्या. घराबाहेर पाऊल पडलं की बाळाचा बाल होतो.) सापडल्यावर तिने तो इतका वापरला की ल बिचारा बेकार झाला. ‘आई, ळाडू दे.’ ‘ळिंबू आंबट आहे.’ ‘मी ळपते, तू शोध.’ आख्ख्या मराठीत जे कुणाला जमलं नव्हतं ते तिने करून दाखवलं, ळला शब्दाच्या पहिल्या जागेवर नेऊन बसवलं. आम्ही तिला सुधारायला गेलो नाही. बाबा तेव्हा आले होते, त्यांनी तर एका वहीच्या पानावर सुंदर अक्षरात ‘ळाडू’ लिहून दिलं आणि समोर एक लाडू काढला. पुढे पंधरवड्यात ते आपोआप गेलं. मला जरा चुटपुट लागली.

शाळेत जायला लागल्यावर तिने विचारलं, ‘फुलाला ल आणि फळाला ळ का? दोन्ही एकाच झाडावर येतात ना?’ मला उत्तर आलं नाही, पण प्रश्न डोक्यात राहिला आणि पुढे कधीतरी भाषेच्या इतिहासावर वाचताना उत्तर सापडलं. संस्कृतात दोन स्वरांमध्ये एकटा ल असला तर प्राकृतातून मराठीत येताना तो बहुधा वळून ळ झाला. फलचं फळ, मूलचं मूळ, कालचा काळ, वेलाची वेळ. जिथे ल दुहेरी होता तिथे तो टिकून राहिला, फक्त एकेरी झाला. फुल्लचं फूल, गल्लचा गाल, वल्लीचा वेल. काल झालेला दिवस ‘कल्य’पासून, मध्ये ‘कल्ल’ होऊन आला, म्हणून तो काल. आणि काल ज्यात मुरून जातो तो काळ. शब्दाच्या सुरुवातीचा ल दोन स्वरांच्या मध्ये नसतोच, म्हणून लाडूचा ळाडू झाला नाही. गुडाचा गूळ, तडागाचं तळं, दाडिमाचं डाळिंब हे दुसऱ्या वाटेने आले, तिथे डचा ळ झाला. हे सगळं मी मुलीला उत्साहाने सांगितलं तेव्हा ती कॉलेजात होती. म्हणाली, ‘मी असं काही विचारलं होतं?’

नियम म्हटला की अपवाद आलेच. विठ्ठलाच्या नावात ळ नाही. पण तो उभा असतो त्याच्या अवतीभवती बघा. तो सावळा, गळ्यात तुळशीची माळ, समोर टाळ आणि चिपळ्या, चंद्रभागेचं वाळवंट, पालखी सोहळा, वैष्णवांचा मेळा, आणि शेवटी गोपाळकाला, ज्यात दोघेही बसतात, आधी ळ मग ल. आजोबांच्या गळ्यात माळ होती. त्यांना मी फारसं पाहिलेलं नाही, पण त्यांचे टाळ अजून बाबांच्या कपाटात आहेत. पितळ काळवंडलंय. वाजवले तर आवाज मात्र स्वच्छ येतो.

आता ज्याच्यामुळे हे सगळं डोक्यात घोळायला लागलं ते सांगते. बाबांची थोरली बहीण, आमची आत्या, चिपळूणला असते. ऐंशी ओलांडलेली आहे. नातवाने तिला मोबाइल घेऊन दिला आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं. ती रोमन अक्षरांत मराठी लिहिते, कारण नातवाने तसंच शिकवलं. मागच्या महिन्यात सकाळी सकाळी तिचा मेसेज आला. पहिला शब्द के, ए, एल. पुढे: आली होती, आता बरी आहे.

पुण्याच्या चुलतभावाने वाचलं, काल आली होती, आता बरी आहे. त्याने विचारलं, कोण आली होती आत्या? धाकट्या काकूने ठरवलं की धाकटी लेक आली असणार, ती आजारी होती ना मध्ये. तिसऱ्याने लेकीला फोन केला. लेक बंगळूरला, ती म्हणाली मी तर दिवाळीपासून गेलेलेच नाही. मग कोण आली होती? दुपारपर्यंत ग्रुपवर एक अज्ञात बाई तयार झाली होती, जी आदल्या दिवशी चिपळूणला आली होती आणि जिची तब्येत आता सुधारली होती. तिची चौकशी करणारे हात जोडलेले आठ-दहा इमोजीही येऊन पडले. मी ऑफिसातून घरी येऊन मेसेज पाहिला आणि मला आईचा तो भोपाळचा दवाखाना आठवला. मी लिहिलं, अरे काल नाही, कळ! आत्याला कळ आली होती!

त्यावर नवीन धावपळ. पोटात का? काय खाल्लं होतं? ओवा घे, हिंग लाव, डॉक्टरांना दाखव. सोनोग्राफीपर्यंत गाडी गेली. भाच्याने तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला की आत्या, इंग्रजी अक्षरांत लिहिताना ल साठी छोटा एल आणि ळ साठी मोठा एल दाबायचा, मग घोळ होत नाही. मी म्हटलं, त्यापेक्षा तिला सरळ मराठी कीबोर्ड लावून द्या, त्यात लच्याच बटणावर शिफ्ट दाबला की ळ येतो. यावर तिथे एक वेगळाच वाद सुरू झाला. सरकारी इन्स्क्रिप्ट चांगला की आवाजावर चालणारा, आणि आत्याच्या मोबाइलवर शिफ्ट असतो का, वगैरे. मूळ दुखणं बाजूलाच राहिलं.

आत्या हे सगळं वाचत होती, दोन निळ्या खुणा दिसत होत्या. रात्री नऊच्या सुमारास तिचा पहिलावहिला व्हॉइस मेसेज आला. आधी थोडी खरखर, मग नातवाचा आवाज, ‘आजी, बोल आता,’ आणि मग ती, आमच्या सगळ्यांच्या लहानपणीच्या खणखणीत आवाजात: ‘सगळ्यांनी ऐका. मोठा एल नि छोटा एल मला सांगू नका, मी बोलेन तेच पाठवेन. कळ पोटात नव्हती. गुडघ्यात होती.’